तुम्ही म्हणजे कोण?

वाचक विचारतात

गेल्या महिन्यात सदराच्या शेवटी चार बोटं जागा उरली होती म्हणून मी एक ओळ टाकली: 'आपण देवाचं राहतं घर आहोत.' जागा भरायला टाकलेल्या ओळीवर अकरा पत्रं आली. त्यातली चार इथे घेते. पहिल्या पत्राने माझी दोन रात्री झोप घालवली, म्हणून जास्त जागा त्याला दिली आहे. बाकीच्यांनी सांभाळून घ्यावं.

'बाई, सप्रेम सलाम. मी राहुरी तालुक्यात वाडीवर राहतो. वय ६६. साखरेमुळे मागच्या पावसाळ्यात उजवा पाय गुडघ्याखाली काढला. आमच्या चर्चला नऊ पायऱ्या आहेत, कुबड्यांवर चढवत नाहीत. फेब्रुवारीत संमेलन होतं, तेव्हा पोरांनी मला उचलून नेलं. बाहेरून आलेल्या वक्त्यांनी प्रार्थनेला पुढे बोलावलं आणि माईकवर विचारलं, तंबाखू किती वर्षं खाल्ली? मी खरं सांगितलं, चाळीस. ते म्हणाले, बघा, देवाचं मंदिर जो नासतो त्याचा देव नाश करतो. सगळी मंडळी बघत होती. नातू शेजारी उभा होता. बाई, एकच विचारतो. अर्धं पडलेल्या घरात देव राहतो का, की उठून गेला?'

भाऊ, सलाम. आधी त्या माईकवरच्या वचनाकडे जाते, कारण ते तुमच्यावर फेकताना उलटं धरलं होतं.

ते बायबलमधलं, प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायातलं, ओवी १६ आणि १७. मी ३६ वर्षं शाळेत मराठी शिकवलं. आदरार्थी बहुवचन आलं की वर्गाला विचारायचे, 'तुम्ही आलात' म्हणजे किती जण आले? पोरं हमखास अडकायची. एकटे आजोबा आले तरी 'तुम्ही', अख्खी वरात आली तरी 'तुम्ही'. 'तुम्ही देवाचे मंदिर आहात' हे वाक्य आपल्या कानाला आजोबांसारखं ऐकू येतं. वाटतं, पौल एकेकाला वेगळं, आदराने सांगतोय. पण पौलाच्या ग्रीक भाषेत आदरार्थी बहुवचन नव्हतंच. तिथे 'तुम्ही' म्हणजे वरात. आणि 'मंदिर' मात्र एकवचनी. माणसं पुष्कळ, मंदिर एक.

आता करिंथात चाललं काय होतं ते बघा. ख्लोवेच्या घरच्या माणसांनी पौलाला बातमी पोहोचवली होती की मंडळीत तट पडलेत. कुणी म्हणतो मी पौलाचा, कुणी अपुल्लोसाचा, कुणी केफाचा. तिसरा अध्याय सुरू होतो तोच या भांडणाने. त्यावर पौल म्हणतो, अरे, तुम्ही सगळे मिळून एक मंदिर आहात, ते जो नासेल त्याची गाठ देवाशी आहे. मग नासणारा कोण? मंडळीतला माणूस मंडळीपासून तोडणारा. तंबाखूचा तर प्रश्नच नाही. ती त्या काळी अमेरिका खंडाबाहेर कुणी पाहिलीही नव्हती. पाय गेलेल्या माणसाला चारचौघांत उभं करून लाजवलं, तेव्हा त्या वचनाचं टोक नेमकं कुणाकडे होतं, हे वक्त्यांनी घरी जाऊन शांतपणे वाचावं.

हं, सहाव्या अध्यायात पौल शरीरालाही मंदिर म्हणतो, ते मी लपवत नाही. तिथे विषय वेश्यागमनाचा आहे. काही जण म्हणत होते, शरीराचं काय एवढं, ते तर जाणारच. पौल म्हणतो, नाही, शरीराची किंमत मोजली गेली आहे. तेव्हा तंबाखू खुशाल खा, असं मी म्हणणार नाही. मी स्वतः सतरा वर्षं मिश्री लावत होते. बायबलच्या वर्गाला जाण्याआधी चूळ भरून, लवंग चघळून जायचे. सुटली ती एका डॉक्टरीणबाईंनी आरशात गालाच्या आतला पांढरा चट्टा दाखवला तेव्हा. त्यांनी वचन सांगितलं नाही, आरसा धरला फक्त. तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात, साखरवाल्याने ती टाळावी, हे तुमचे डॉक्टर सांगतील आणि त्यांचं ऐका. पण आजाराचं कारण सांगणं वेगळं आणि 'देव तुझ्यातून गेला' असं सांगणं वेगळं. दुसरं सांगायचा परवाना कुणाकडे नाही.

आता तुमचा प्रश्न. अर्धं पडलेलं घर.

जुन्या नियमात तुमच्यासारख्याला अडवणारं कलम आहे खरं. लेवीय २१ काढा. अहरोनाच्या वंशातला कुणी आंधळा, लंगडा, पाय मोडलेला असला तर त्याने पडद्यापाशी किंवा वेदीपाशी जाऊ नये. पवित्र भाकर खायला त्याला मुभा होती, आत जायला नव्हती. कितीतरी शतकं हे चाललं. मग मत्तय २१:१४. येशू मंदिरात आला, सराफांचे चौरंग उलथले, आणि लगेच पुढच्या ओळीत आंधळे-पांगळे मंदिरात त्याच्याकडे आले. व्यापारी बाहेर, पांगळे आत. आणि पौल करिंथकरांना मंदिर म्हणतो तेव्हा त्याने वापरलेला शब्द अंगणाचा किंवा आवाराचा नाही, आतल्या खोलीचा आहे. आपल्याकडे गाभारा म्हणतात तो. जिथे लंगड्या याजकाला पाऊल टाकता येत नव्हतं, तीच जागा तुम्हाला म्हटलंय, मंडळीसकट.

पौलाच्या स्वतःच्या शरीरातही काहीतरी बोचत होतं. काटा म्हणतो तो. तीनदा विनवणी केली, काटा निघाला नाही. उत्तर आलं, माझी कृपा तुला पुरे. त्यावर पौल म्हणतो, मग मी माझ्या दुबळेपणाचीच बढाई मारीन, म्हणजे ख्रिस्ताचं सामर्थ्य माझ्यावर येऊन राहील (२ करिंथ १२:९). यातल्या 'येऊन राहील' या ग्रीक शब्दाच्या पोटात तंबू आहे: माझ्यावर तंबू ठोकील. करिंथात अक्विल्ला आणि प्रिस्किल्लेच्या घरी तंबूचं काम करून पोट भरणारा माणूस हा, त्याला तंबू कुठे ठोकतात ते कळत होतं. त्याने धडधाकट जागा शोधली नाही.

योहानाच्या पहिल्या अध्यायातही हाच तंबू आहे. ख्रिस्त माणूस होऊन आला त्याबद्दल आपल्या मराठीत तिथे 'वस्ती केली' असं आलंय आणि मला तो शब्द फार आवडतो. नगरकडच्या माणसाला वस्ती सांगावी लागत नाही. गावाबाहेर, रानात, शेवटच्या लाइटच्या खांबापलीकडे असते ती वस्ती. आपले आजे-पणजे तिथलेच. फक्त एक फरक ध्यानात ठेवा. वस्तीची एसटी रात्री मुक्कामाला येते आणि पहाटे साडेपाचला निघून जाते. ही तसली वस्ती नव्हे.

देव मंदिरातून उठून गेल्याचं शास्त्रात लिहिलं आहे, तेही सांगते, नाहीतर कुणीतरी तुम्हाला ते दाखवेल. यहेज्केल संदेष्ट्याने पाहिलं, देवाचं तेज मंदिराच्या उंबऱ्यावरून उठलं, पूर्वेच्या दारापाशी थांबलं, मग शहराबाहेरच्या डोंगरावर गेलं. का? तर देश रक्ताने आणि शहर अन्यायाने भरलं होतं म्हणून. आणि त्याच दर्शनात देव म्हणतो, बाबेलला धरून नेलेल्या, मंदिरापर्यंत पोहोचू न शकणाऱ्या लोकांना मीच पवित्रस्थान झालो आहे (यहेज्केल ११:१६). ज्यांना पायऱ्या चढता येत नव्हत्या, त्यांच्याकडे तो गेला.

माझे वडील गवंडी होते. आमच्या गावच्या चर्चची मागची भिंत त्यांच्या हातची. मी सात-आठ वर्षांची असेन, डबा घेऊन जायचे. काळा दगड टाकीने घडताना कपच्या उडायच्या, त्या मी फ्रॉकच्या ओच्यात गोळा करायचे आणि वाटायचं, हा कचरा. एक दिवस त्यांनी ओचा रिकामा करायला लावला. भिंतीला दोन तोंडं असतात, बाहेरचं आणि आतलं, मधे पोकळी. ती पोकळी त्यांनी माझ्यासमोर त्या कपच्यांनी भरली, एकेक फिरवून, हातोड्याने ठोकून. मोठ्या दगडाच्या बुडाशी फट राहिली की तिथेही कपचीच सारायची. 'मोठा दगड बसतो कपचीवर, बरं का,' म्हणाले. ती भिंत अजून उभी आहे. ओळंबा लावून बघायला आता ते नाहीत.

आणि एक हिशेब, तुमच्या पंचांसाठी. नऊ पायऱ्या, एक सहा इंचाची धरली तर उंची साडेचार फूट. खुर्ची ढकलायला एकास बारा उतार लागतो, म्हणजे ५४ फूट लांबी. चर्चच्या कडेने एक वळण घेऊन सहज बसते. विटा, मुरूम आणि वर कोबा. मंडळीत दोन तरी गवंडी असतीलच. हे होईपर्यंत पाळकसाहेबांना सांगा, प्रभुभोजन (भाकर आणि पेल्याचा विधी) तुमच्या ओट्यावर करा. तुम्हाला एकट्याला ताटलीत आणून देऊ नका, पाच-सहा घरं येऊन बसा. करिंथात तरी चर्चची इमारत कुठे होती? घराघरांतच जमत. नातवाला शास्त्रपाठ वाचायला लावा. त्याने संमेलनात जे ऐकलं, त्यावर त्याच्या कानात दुसरं काहीतरी पडायला हवं.

'मी पुण्यात नोकरी करतो. मी आणि ती एकाच चर्चमधले, दोघांच्याही घरची ख्रिस्ती होऊन चौथी पिढी. तरी लग्नाला दोन्हीकडून नकार. कारण तोंडाने कुणी सांगत नाही, पण आजोबांच्या आजोबांची जात हेच. इफिसकरांस पत्रात आपण एकत्र रचले जाऊन देवाचं निवासस्थान होतो असं लिहिलंय. हे वाचून मला हसू येतं. यात माझं चुकतं का?'

हसू नको. तेच पान पुन्हा उघड, पण या वेळी थोडं वरून वाच.

यरुशलेमच्या मंदिरात परराष्ट्रीयांना, म्हणजे यहुदी नसलेल्यांना, एका मर्यादेपर्यंतच जाता येई. पुढे दगडी कठडा होता आणि त्यावर ग्रीकमध्ये पाटी: परक्या माणसाने या कठड्याच्या आत येऊ नये, पकडला गेला तर मरणाला तोच जबाबदार. १८७१ मध्ये क्लेरमाँ-गानो या फ्रेंच संशोधकाला ती पाटी अख्खी सापडली. आज ती इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. मी तिचा फोटो पाहिला तेव्हा पहिल्यांदा आठवला आमच्या आजोळचा पाणवठा. तिथे पाटी नव्हती. गरज नव्हती, सगळ्यांना पाठ होतं.

या कठड्यापायी पौलाला मंदिरात मारहाण झाली. आरोप काय, तर त्याने त्रफिम नावाच्या परराष्ट्रीयाला आत आणलं. हा त्रफिम कुठला? इफिसचा! (प्रेषितांची कृत्ये २१:२९.) तेव्हापासून पौल कैदेत गेला. आणि इफिसकरांस पत्राचा लेखक स्वतःला परराष्ट्रीयांसाठी बंदिवान झालेला म्हणवतो. आता दुसरा अध्याय बघ. चौदाव्या ओवीत मधली आडभिंत पाडली, आणि बाविसाव्या ओवीत देवाचं निवासस्थान. आधी भिंत, मग घर. हा क्रम उलटा करून कुणालाच घर मिळालेलं नाही, तुमच्या मंडळीलाही मिळणार नाही, कितीही टाइल्स बसवल्या तरी.

माझी आजी सांगायची, तिच्या लहानपणी प्रभुभोजनाचा पेला एकच असे आणि काही जण तो ओठांपर्यंत नेऊन नुसताच पुढे द्यायचे. कुणाच्या नंतर आपली पाळी येते ते बघून बसायची जागा ठरायची. आता छोटे छोटे वेगळे पेले आले. स्वच्छता म्हणून ठीकच आहे. पण मला कधीकधी वाटतं, त्या पेल्यांनी काही लोकांची फार मोठी सोय केली.

तुला उपाय हवा असेल तर एवढाच सुचतो. दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांना एका खोलीत बसवा, पाळकांना बोलवा, आणि ११ ते २२ या बारा ओव्या मोठ्याने वाचायला मुलीच्या आजीला सांगा. आजीलाच. चर्चा नंतर. चहा आधी झाला तरी चालेल. आणि लग्न ठरलं तर मला पत्रिका पाठव.

'आमच्या शेजारच्या मावशी माळकरी आहेत. तुमचं सदर मी त्यांना वाचून दाखवते. मागच्या वेळची ओळ ऐकून त्या म्हणाल्या, हे तर आमच्या नाथांनी कधीच सांगितलंय, काया ही पंढरी, आत्मा हा विठ्ठल. मला उत्तर देता आलं नाही. द्यायचं होतं का?'

देणं काही सक्तीचं नव्हतं. मावशींना माझा नमस्कार सांगा. एकनाथांचा तो अभंग मीही वर्गात शिकवला आहे आणि शिकवताना माझा गळा दाटून यायचा, हे कबूल करायला मला संकोच नाही. कवी नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, पण आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असंच ते म्हणत राहिले. तेव्हा शेजारणीच्या अभंगाला घाबरायचं कारण नाही.

दोन्ही ठिकाणी देव दगडी भिंतीत मावत नाही, हे सारखंच. शलमोनाने सात वर्षं खपून मंदिर बांधलं आणि अर्पणाच्या दिवशी भर सभेत म्हणाला, स्वर्गात तू मावत नाहीस, मी बांधलेल्या या घरात काय मावशील? फरक मला दिसतो तो असा. नाथांच्या ओळीत आत्माच विठ्ठल आहे; राहणारा आणि घर मुळात एकाच जातीचे. पौलाच्या बोलण्यात घर वेगळं आणि येऊन राहणारा वेगळा. घर मातीचं, कच्चं, पूर्वी भलत्याच्या ताब्यात असलेलं. राहणारा बाहेरून येतो, आणि आला की भाडेकरूसारखा कोपऱ्यात न बसता मालकासारखी एकेक खोली उघडायला लावतो. दुसरं म्हणजे वर सांगितलेलं 'तुम्ही'. पण मावशी यावर म्हणतील, आमचीही दिंडी असतेच की, एकट्याने कोण वारी करतं? आणि त्यांचं बरोबर असेल. तुम्ही दोघी वाचत राहा. त्यांना एकादशीला साबुदाणा तुम्ही देता की त्या तुम्हाला, ते मात्र लिहिलं नाहीत.

'बाई, मी तिसरीत आहे. संडे स्कूलमध्ये सांगितलं की देव आपल्यात राहतो. मग मी झोपल्यावर तो काय करतो? आणि मी डोक्यावरून पांघरूण घेते तर त्याला गुदमरत नाही का? सोबत चित्र पाठवते.'

बेटा, तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि शेजारच्या काकूंनाही दाखवलं. तू झोपतेस तेव्हा तो जागा असतो. स्तोत्र १२१ मध्ये लिहिलंय, त्याला डुलकीसुद्धा लागत नाही. आईला विचार, घरात सगळे झोपल्यावर जागं कोण असतं. ती सांगेल तेव्हा काय काय कामं असतात. गुदमरत नाही. त्याच्याच श्वासाने आपला श्वास चालतो, असं अगदी पहिल्या पुस्तकात आहे. तरी डोक्यावरून पांघरूण घेऊ नकोस, ते देवासाठी नाही, तुझ्या नाकासाठी.

चित्र फार आवडलं, टेबलाच्या काचेखाली ठेवलंय. मुलीच्या पोटात घर, घराला पिवळा बल्ब, खिडकीत मांजर, आणि दार. फक्त एक कळलं नाही. दाराला तू एवढी मोठी काळी कडी काढली आहेस, ती आतून आहे की बाहेरून? पुढच्या पत्रात लिही.